शरीरक्रियाशास्त्रज्ञाच्या शोधनिबंधांचा लेखाजोखा कसा मांडावा

एखाद्या शरीरक्रियाशास्त्रज्ञाचे संशोधन जोखण्याची वेळ निवड समितीवर, मार्गदर्शक शोधणाऱ्या विद्यार्थ्यावर किंवा बढतीचा अर्ज भरणाऱ्या खुद्द प्राध्यापकावर आली, की बहुतेक जण गूगल स्कॉलर उघडून तिथला एच-इंडेक्स, म्हणजे निबंधांची संख्या आणि त्यांचे झालेले उल्लेख यांवरून काढलेला आकडा, उतरवून घेतात. तो आकडा सर्वांत शेवटी पाहावा. आधी त्या व्यक्तीच्या निबंधांची यादी निवडून घ्यावी.

पहिली अडचण नावाची असते. पबमेड या वैद्यकीय शोधनिबंधांच्या सूचीत लेखकाची नोंद प्रामुख्याने आडनाव आणि आद्याक्षरे अशी होत असल्यामुळे नुसते ‘पाटील एस’ शोधले, तर आपल्या शरीरक्रियाशास्त्रज्ञाबरोबर अस्थिरोगतज्ज्ञ आणि कृषिसंशोधकही हाती लागतात. वडिलांचे आद्याक्षर कधी घातलेले, कधी गाळलेले असते; लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेचे काम दोन नावांत विभागले जाते. ऑर्किडचा (ORCID, संशोधकाची स्वतंत्र ओळख) 16 अंकी क्रमांक असल्यास काम सोपे होते. नसल्यास संस्था, सहलेखक आणि विषय ताडून प्रत्येक निबंध हाताने पारखावा लागतो. त्याला पर्याय नाही.

यादी पक्की झाली की मूळ संशोधन, समीक्षालेख, केस रिपोर्ट आणि परिषदेतील गोषवारे वेगळे करावेत. सायटेशनचे (इतर लेखांत झालेल्या उल्लेखांचे) आकडे स्कोपस, वेब ऑफ सायन्स किंवा गूगल स्कॉलर या सूचींपैकी एकाच ठिकाणाहून घ्यावेत आणि शेजारी तारीख लिहावी. स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंटमधले (तज्ज्ञांच्या तपासणीआधीच खुल्या केलेल्या लेखांमधले) उल्लेखही धरत असल्याने त्याचा आकडा सहसा फुगलेला दिसतो.

एच-इंडेक्स ही कल्पना जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये मांडली: ज्या सर्वांत मोठ्या संख्येइतक्या निबंधांना प्रत्येकी निदान तितकी सायटेशन आहेत, ती संख्या म्हणजे एच-इंडेक्स. समजा, एका संशोधिकेच्या दहा निबंधांना उतरत्या क्रमाने 48, 31, 17, 12, 9, 7, 6, 4, 1 आणि 0 सायटेशन आहेत. सहाव्या निबंधाला 7 आहेत, सातव्याला मात्र 6 च. म्हणून एच-इंडेक्स 6. आता 48 वाला निबंध चाळीस लेखकांनी मिळून लिहिलेली मार्गदर्शक तत्त्वे निघाली म्हणून वगळला, तर एकूण सायटेशन 135 वरून 87 वर येतात, पण एच-इंडेक्स 6 च राहतो. उलट तो निबंध ठेवून 7 आणि 6 सायटेशन असलेल्या निबंधांमधली प्रत्येकी दोन स्वतःचीच सायटेशन काढली, तर एच-इंडेक्स 5 होतो. मोठा निबंध गेल्याने न हललेला आकडा चार स्वयंउल्लेखांनी घसरतो; म्हणून या आकड्याशेजारी मूळ यादी जोडावी, असा माझा आग्रह असतो.

या विषयात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, ती म्हणजे वेळ. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर त्यातल्या मागील दोन वर्षांतल्या लेखांना मिळालेल्या सरासरी सायटेशनवरून काढतात, पण शरीरक्रियाशास्त्रातले चांगले निबंध दशकानुदशके वाचले जातात. हॉजकिन आणि हक्सली यांचे चेतातंतूवरचे 1952 चे निबंध आजही उद्धृत होतात. म्हणून जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर लेखकाच्या खात्यावर जमा करू नये.

आपल्याकडचे उत्तम उदाहरण शरीरक्रियाशास्त्रज्ञ अवतारसिंग पेंटल यांचे. फुप्फुसातील ज्या ग्राहींना (संवेदना टिपणाऱ्या चेताटोकांना) आज प्रत्येक एमबीबीएसचा विद्यार्थी ‘जे रिसेप्टर’ म्हणतो, त्यांचे वर्णन पेंटल यांनी 1955 मध्ये केले, पण तेव्हा त्यांना ‘डिफ्लेशन रिसेप्टर’ म्हटले होते. ‘टाइप जे’ हे नाव 1969 च्या निबंधाच्या शीर्षकात दिसते. नुसता ‘जे रिसेप्टर’ हा शब्द घालून शोधणाऱ्याच्या हातून मूळ निबंधच निसटू शकतो. तो ज्या त्रैमासिकात आला, त्याचेही नाव 1990 पासून ‘एक्सपेरिमेंटल फिजिऑलॉजी’ झाले आहे. शिवाय शोध पाठ्यपुस्तकात मुरला, की लोक नाव घेतात आणि संदर्भ देत नाहीत. अशा प्रभावाची नोंद कोणताही इंडेक्स करत नाही. 1973 मध्ये त्यांनी ‘फिजिऑलॉजिकल रिव्ह्यूज’मध्ये लिहिलेल्या दीर्घ समीक्षालेखाची सायटेशन मूळ प्रयोगाच्या खात्यात मिसळू नयेत, हेही ओघाने आलेच.

शेवटी दोन-तीन महत्त्वाचे निबंध निवडून त्यांना उद्धृत करणारे प्रत्येकी दहा लेख उघडावेत. प्रस्तावनेतल्या सात-आठ संदर्भांच्या माळेत नाव ओवलेले आहे, की ‘पद्धती’ विभागात मूळ निबंधातली मोजणी प्रत्यक्ष वापरली आहे, हे पाहावे, आणि अहवालात तेच निरीक्षण एच-इंडेक्सच्या आधी लिहावे.