मुलीला गाठोडं करू नका: किशोरांसाठी अपहरणाची थरारकथा कशी लिहावी

माझ्या पहिल्या मसुद्यात पाचव्या पानावर मुलीला उचललं होतं आणि शंभराव्या पानावर पोलिसांनी सोडवलं होतं. मधली पंच्याण्णव पानं ती रडत होती. नववीतल्या भाचीने वाचून विचारलं, "मामा, ही स्वतः काहीच का करत नाही?" तेव्हापासून मी सुरुवात अपहरणापासून करत नाही, मुलीपासून करतो.

तेव्हा आधी ती कोण हे ठरवा. समजा, तासगावकडच्या द्राक्ष बागायतदाराची सोळा वर्षांची मुलगी, सांगलीला अकरावीत, रोज एसटीने ये-जा. तिला एखादी गोष्ट पक्की येऊ द्या. कराटे नको, ते सगळेच देतात. बेदाण्याच्या हंगामात वडिलांच्या शेडवर राबल्यामुळे तिला त्या कामातलं सगळं कळतं आणि त्याचा मनस्वी कंटाळा आहे, एवढं पुरे. शिवाय तिने घरापासून काहीतरी लपवलेलं असू द्या. उदाहरणार्थ, दोन महिने ती क्लासला गेलेलीच नाही, फीचे पैसे तिच्याकडेच आहेत. हे बाहेर आलं की गाव म्हणणार, "पळून गेली असेल." शोध चुकीच्या वाटेला लागतो आणि तुमची निम्मी उत्कंठा इथेच तयार होते.

मग पळवणारा. काळ्या काचांच्या गाडीतला अनोळखी गुंड हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात पोकळ पर्याय. द्राक्षाचे पैसे बुडवून गेलेल्या व्यापाऱ्याविरुद्ध वडिलांनी तक्रार दिली आहे, ती मागे घ्यावी म्हणून मुलगी उचलली, हे आपल्याकडच्या वाचकाला लगेच पटतं. राखणीला बसलेला पोरगा तिच्याच शाळेत दोन वर्षं पुढे होता, असं केलंत तर दोघांच्या बोलण्याला धार येईल.

जागेवर मात्र वेळ घालवा. ऑगस्टमध्ये बेदाण्याची शेड ओस असते, रॅक रिकामे, जाळ्या गुंडाळलेल्या. शेजारच्या खोलीत डोळे बांधून तिला टाकलं आहे. डोळ्यांचं काम आता नाकाकानांकडे. बेदाण्याला देतात त्या गंधकाच्या धुरीचा भिंतीत मुरलेला वास येतो, पायाला चिकट फरशी लागते आणि तिला कळतं की आपण घरापासून फार लांब नाही. शेतीची लाईट आली की विहिरीवरची मोटार आपोआप सुरू होते. तिच्यावरून ती वेळ मोजते. लाईट दिवसाची रातपाळीला गेली, म्हणजे आठवडा पालटला. फक्त हा गंधकाचा वास तिसऱ्या-चौथ्या पानावरच, वडिलांच्या शर्टवरून झालेल्या भांडणात येऊन गेलेला हवा. नाहीतर पुढे तो लेखकाने खिशातून काढल्यासारखा वाटतो.

बाहेरचा धागा लिहिताना पोलिसी कामाची माहिती करून घ्या. "24 तास थांबा, मग बघू" हा संवाद आता टाका. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निर्देशांनुसार मूल बेपत्ता झाल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा आणि अपहरण किंवा मानवी तस्करी गृहीत धरूनच तपास करायचा. हद्द दुसऱ्या ठाण्याची असली तरी झिरो एफआयआर घेता येतो. कथा 1 जुलै 2024 नंतरची असेल तर भारतीय दंड संहितेचं जुनं कलम 363 लिहू नका. आता अपहरणाला भारतीय न्याय संहितेचं कलम 137 लागतं. मदतीसाठी 112 आणि मुलांसाठी 1098. तुमचा हवालदार टाळाटाळ करत असेल तर जरूर करू द्या, पण ती त्याची कसूर म्हणून दिसली पाहिजे.

प्रकरणं आखूड ठेवा. प्रत्येकाच्या शेवटी तिने काहीतरी ठरवलेलं असावं, चुकीचं का होईना. एक प्रयत्न फसू द्या आणि त्याची किंमत तिला मोजू द्या. मारहाण किती दाखवायची? माझं मत, दाराबाहेर चपला वाजल्या की तिचा श्वास कसा होतो, एवढ्यावर भागतं.

सुटकेला योगायोग चालतो, पण तो ओळखून पकडणारी तीच हवी. व्हिएन्नात 1998 मध्ये दहाव्या वर्षी पळवलेली नताशा कांपुश आठ वर्षांनी, 23 ऑगस्ट 2006 ला निसटली. ती पळवणाऱ्या माणसाची गाडी व्हॅक्यूम क्लीनरने साफ करत होती. त्याला फोन आला, आवाजामुळे तो बाजूला गेला, आणि ती मशीन चालूच ठेवून पळाली. मला यात सगळ्यात जास्त शिकवतं ते मशीन चालू ठेवणं. आपल्या नायिकेला तसा एक क्षण शोधून द्या. विहिरीवरच्या मोटारीचा आवाज आहेच.

आणि ती घरी आली की लगेच 'समाप्त' लिहू नका. जबाब आहे, वैद्यकीय तपासणी आहे, न बोलणारे वडील आहेत, क्लासच्या फीचा हिशेब आहे. बाल न्याय कायद्यानुसार गुन्ह्याला बळी पडलेल्या मुलाची ओळख छापता येत नाही, म्हणून पेपरात ती नुसती 'सोळा वर्षांची मुलगी'. पण शोध चालू असताना अख्ख्या गावाने तिचा फोटो स्टेटसला ठेवला होता. तो आता कोण काढतं आणि कोण तसाच पुढे पाठवत राहतं, तिथून शेवटचं प्रकरण सुरू करा.