रॅटला गाठ लागली की आधी काय बघायचं

अ‍ॅनिमल हाऊसला नवीन लागलेल्यांसाठी लिहितोय. स्प्राग-डॉली जातीच्या रॅट माद्या वर्षाच्या पुढे गेल्या की बऱ्याच जणींना गाठी येतात, डोस दिलेला असो नसो, त्यामुळे लगेच "सर औषधाने ट्यूमर झाला" म्हणत धावू नका. बहुतेक वेळा साधा फायब्रोअडेनोमा (दुधाच्या ग्रंथीतली कॅन्सर नसलेली गाठ) असतो.

आठवड्यातून एकदा, वजन घेतलं की लगेच चाचपायचं. मादीला हातावर घेऊन जरा शांत होऊ द्या (शेपूट धरून लटकवू नका रे), मग बोटांच्या पेरांनी हनुवटीखालून सुरू करून काखा, छाती, पोट, जांघा असं मागेपर्यंत जा. सडांच्या सहा जोड्या बघून थांबलात तर फसाल, दुधाची ग्रंथी मानेपासून जांघेपर्यंत आणि कुशीतही पसरलेली असते, खांद्यामागची गाठ तर नवीन माणसाकडून हमखास सुटते.

लागलेली गाठ चिमटीत धरून हलवा. घट्ट, उंचसखल आणि कातडीखाली सुटी सरकत असेल तर बहुधा फायब्रोअडेनोमा, खाली चिकटलेली असेल तर संशय धरा, गरम आणि दाबल्यावर दुखणारी असेल तर गळूही असू शकतं. हा सगळा हाताचा अंदाज झाला, खात्री गाठ 10 टक्के फॉर्मालिनमध्ये ठेवून पुढे स्लाईडवर मायक्रोस्कोपखाली बघितल्यावरच होते. पोस्टमॉर्टेमला पिट्युटरी (मेंदूखालची ग्रंथी) पण घ्या, म्हाताऱ्या माद्यांमध्ये तिथे वाढ होऊन प्रोलॅक्टिन हे दुधाचं हार्मोन वाढतं आणि या गाठींना तेच खतपाणी.

रजिस्टरमध्ये नुसतं "पोटावर गाठ" लिहू नका, पुढच्या आठवड्यात शेजारी दुसरी निघाली की घोळ होतो. तारीख, बाजू, कितव्या सडाजवळ, व्हर्नियरने लांबी-रुंदी. गाठ जमिनीला घासायला लागली, फुटली, मादी खाईना किंवा गाठ वजनाच्या 10 टक्क्यांकडे चालली तर व्हेटला त्याच दिवशी बोलवा, प्रोटोकॉलमधली मर्यादा याहून कडक असेल तर तीच पाळायची.

आणि डोसवाल्या पिंजऱ्यांइतकाच वेळ कंट्रोल ग्रुपलाही (डोस न दिलेल्या रॅटना) द्या. 2012 ला फ्रेंच संशोधक सेरालिनींनी जीएम (जनुक बदललेल्या) मक्याने गाठी होतात असा पेपर काढला, हीच जात, दोन वर्षं, ग्रुपमध्ये 10-10 रॅट, मोठमोठ्या गाठींचे फोटो जगभर फिरले, आणि 2013 ला जर्नलने तो मागे घेतला, कारणांमध्ये रॅटची कमी संख्या आणि एरवीही गाठी येणारी ही जात दोन्ही होतं. नंतर दुसऱ्या जर्नलने छापला म्हणा, पण आपल्या कंट्रोलमध्ये किती माद्यांना गाठी आल्या हे कुणी विचारलं तर आकडा रजिस्टरमध्ये हवा.