कपड्यांच्या शब्दांना शेपूट जोडताना

दिवसभर मी शिवणकाम करते आणि संध्याकाळी आठ-दहा मुलांना इंग्रजी शिकवते. प्रत्ययांचा तक्ता फळ्यावर लिहिला की मुलं जांभया द्यायची, म्हणून तो बंद केला. आता टेबलावर एक जुनं जॅकेट, कागदाच्या चिठ्ठ्या आणि टाचण्या ठेवते. चिठ्ठीवर प्रत्यय लिहायचा आणि कपड्याच्या ज्या भागाला तो शोभेल तिथे टोचायचा. तुम्हीही कपाटातला एखादा कपडा काढा.

आधी विचारा, याला काय काय आहे? हूड असेल तर हुडेड, कॉलर असेल तर कॉलर्ड, चुण्या असतील तर प्लीटेड. शेवटी ईडी लागलं, आणि बहुतेक जण इथेच अडखळतात, कारण ईडी म्हणजे भूतकाळ हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. एका मुलानं विचारलंच, "बाई, कॉलर्ड म्हणजे कुणी कॉलर केलं?" कुणी काही केलेलं नाही. हा ईडी नामाला लागतो आणि 'ते असलेला' एवढंच सांगतो. आपल्या झालरदार, घेरदारमधला 'दार' हेच काम करतो. लाँग-स्लीव्ह्ड, हाय-हील्ड हे त्याच घरचे. उच्चाराकडे मात्र लक्ष द्या. टी किंवा डीनं संपणाऱ्या शब्दातच 'इड' स्वतंत्र ऐकू येतो, जसं प्लीटेड, हुडेड. चेक्सच्या शर्टाला 'चेकेड' म्हणू नका, तो चेक्ट.

मग विचारा, काय नाही? मराठीत 'बिन' पुढे बसतो, बिनबाह्यांचा. इंग्रजीत नकार मागून येतो: स्लीव्हलेस, कॉलरलेस, स्ट्रॅपलेस. शिवण नसलेला तो सीमलेस. (देवनागरीत हा 'लेस' आणि झालरीची लेस सारखेच दिसतात. इंग्रजीत स्पेलिंगही वेगळं आणि उच्चारही. स्लीव्हलेसमधला शेवट 'लस'कडे झुकतो.)

कशासारखा आहे, याचं उत्तर बहुधा वाय देतो. पोत्यासारखा ढगळ तो बॅगी, ताणला जाणारा स्ट्रेची. सिल्की म्हटलं म्हणून कापड रेशमाचंच असेल असं नाही, पॉलिएस्टरही सिल्की असतं. लोकरीचं बनलेलं सांगायला वुलन आहे. स्पेलिंगमध्ये बॅगीला जी दोनदा येतो, कारण बॅगमध्ये एकच स्वर आणि त्यामागे एकच व्यंजन. लेसपासून लेसी करताना शेवटचा ई गळतो.

आता माझ्या रोजच्या कामातले शब्द. टाइटपासून टाइटन, लूजपासून लूसन, वाइडपासून वाइडन, शॉर्टपासून शॉर्टन. विशेषणाला ईएन जोडला की 'तसं करणे' असं क्रियापद होतं. याच हिशेबानं शाळेत असताना मी लाँगपासून 'लाँगन' केलं होतं आणि वहीत त्याभोवती लाल गोल मिळाला होता. तिथे ईएन लाँगला लागत नाही, लेंग्थला लागतो: लेंग्थन. नॅरोला तर काहीच लागत नाही, विशेषण तेच आणि क्रियापदही तेच.

धुता येणारा तो वॉशेबल, उलटसुलट घालता येणारा रिव्हर्सिबल. एकात एबल, दुसऱ्यात इबल. यातला फरक पाठच करावा लागतो.

राहिला ईआर. विणणारा वीव्हर, कापणारा कटर, इथवर सरळ. पण स्वेटर? स्वेट म्हणजे घाम. खेळाडू घाम यावा म्हणून जो जाड कपडा घालत, त्याचं हे नाव. झिपरही तसाच: झिप हा सरकन होणारा आवाज, आणि बी. एफ. गुडरिच कंपनीनं 1923 मध्ये आपल्या रबरी बुटांसाठी हे नाव वापरलं.

शंका आली की शेवट बोटानं झाका आणि उरलेलं वाचा. ट्राउझर्समध्ये 'ट्राउझ' उरतं, त्याला स्वतंत्र अर्थ नाही, म्हणून तिथे प्रत्यय शोधू नका. उरलेला शब्द खरा निघाला तरी अर्थ जुळतो का ते पाहा. माझ्याच धंद्याचं नाव घ्या. टेलरमधला ओआर झाकला तर 'टेल' उरतं, म्हणजे शेपूट. मुलं यावर पोट धरून हसतात. तो शब्द फ्रेंचमधून आलाय, कापणारा या अर्थानं.