आजी-आजोबांचं रेशन आणि गोळ्यांचा खर्च, सोलापुरात कसं जमवायचं

घरात म्हातारी माणसं असतील तर रेशन आणि औषध हे दोन वेगळे खर्च धरूच नका. महिनाअखेरीला किराणा संपत आला की आजी कुणाला न सांगता बीपीची गोळी एक दिवसाआड करते, विचारलं तर म्हणते, बरं वाटतंय की आता. अमेरिकेत शुगर असलेल्या ज्येष्ठांचा अभ्यास झालाय, त्यात पण सरकारी अन्नमदत घेणाऱ्यांमध्ये पैशापायी औषध टाळण्याचं प्रमाण कमी दिसलं.

म्हणून आधी रेशन. अंत्योदय कार्ड असेल तर कुटुंबाला महिन्याला ३५ किलो, प्राधान्य असेल तर माणशी ५ किलो, आणि २०२३ पासून हे फुकट आहे, दुकानदार पैसे मागितला तर १९६७ ला फोन लावा. खरी अडचण येते ई-केवायसीला, म्हणजे रेशन कार्डावरच्या माणसाची आधारवरून ओळख पटवायला, कारण जन्मभर विडी वळून बोटं घासलेली असतात आणि अंगठा मशीनवर उठतच नाही. तिथं वाद घालत बसू नका, मेरा ई-केवायसी अॅपवर चेहरा दाखवून काम होतं, फक्त आधारला मोबाईल नंबर जोडलेला हवा, नाहीतर ओटीपी येणार कुठं.

आणि एक, शुगर असेल तर फुकटचा तांदूळ आहे म्हणून दोन्ही वेळ भात नको, वाचलेल्या पैशात ज्वारी आणि डाळ आणा. कडक भाकरी दात नसलेल्यांना आमटीत कुस्करून चालते.

आता दवाखाना. सत्तरी पूर्ण झाली की आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, उत्पन्नाची अट नाही, आधार पुरतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. पण अॅडमिट झालं तरच हं, ओपीडी आणि रोजच्या गोळ्या त्यात नाहीत, आणि लोक नेमके इथंच गाफील राहतात. बीपी-शुगरच्या गोळ्यांसाठी आधी महापालिकेच्या आरोग्य केंद्रात विचारा, तिथं नेहमीच्या गोळ्या फुकट मिळतात. नसल्या तर जनऔषधी, म्हणजे स्वस्त औषधांचं सरकारी योजनेतलं दुकान, पण डॉक्टरकडून चिठ्ठीवर कंपनीचं नाही, औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, ते पण वाचता येईल असं.

वय ६५ आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल तर श्रावणबाळ या सरकारी पेन्शन योजनेचे महिन्याला दीड हजार पण मिळतात, अर्ज तहसीलला. पैसे सुरू झाल्यावर वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायचा विसरू नका.