लिंकच्या सेटिंगला हात लावण्याआधी

पॉइंट-टू-पॉइंट लिंकची, म्हणजे समोरासमोरच्या दोन रेडिओंमधल्या बिनतारी जोडणीची, फ्रिक्वेन्सी किंवा पासवर्ड बदलायचा असेल, तर लॅपटॉप उघडण्याआधी एकच विचार करा: पलीकडचा रेडिओ गप्प झाला, तर त्याच्यापर्यंत पोहोचायचं कसं? मोबाईल डेटावर चालणारा एखादा राउटर तिथे असेल तर उत्तमच. नसेल तर त्या टोकाला माणूस बसवा. त्याच्याकडे खोलीची किल्ली, लॅपटॉप, नेटवर्क केबल आणि दोन्ही रेडिओंचे आयपी पत्ते लिहिलेला कागद हवा. कागदच हवा, कारण लिंक पडली की पत्त्यांची फाइल ज्या सर्व्हरवर आहे तोही बहुधा त्याच लिंकच्या पलीकडे निघतो. मी एकदा जवळच्या रेडिओची की, म्हणजे लिंकचा पासवर्ड, आधी बदलली. पलीकडची लगेच बदलू, असं मनात होतं. लिंक त्याच क्षणी गेली आणि पलीकडच्या रेडिओत नवी की टाकायला रात्री टॉवरखाली जावं लागलं. तेव्हापासून दूरचं टोक आधी, जवळचं नंतर.

दोन्ही रेडिओंचा कॉन्फिगरेशन बॅकअप घ्या, फर्मवेअर, म्हणजे रेडिओच्या आतलं सॉफ्टवेअर, एकच आहे ना ते बघा, आणि आत्ताचे आकडे टिपून ठेवा: दोन्ही बाजूंचा सिग्नल, नॉइज (हवेतला गोंगाट), मॉड्युलेशन (सिग्नलवर डेटा चढवायची पद्धत), मिळणारा वेग. बदलानंतर सुधारलं की बिघडलं हे ठरवायला दुसरं काही हाती नसतं. काही रेडिओंत टेस्ट मोड असतो. ठरावीक वेळात तुम्ही बदल पक्का केला नाही तर तो आपोआप जुन्या सेटिंगवर परततो. असेल तर तो वापरलाच पाहिजे.

आता फ्रिक्वेन्सी. रेडिओत देश बरोबर निवडलेला हवा, कारण चॅनल आणि पॉवरची मर्यादा त्यावरच ठरते. ही मर्यादा बहुतेक ठिकाणी अँटेनातून बाहेर पडणाऱ्या एकूण शक्तीवर असते: रेडिओची पॉवर अधिक अँटेनाचा गेन (एका दिशेला शक्ती एकवटण्याची क्षमता), वजा केबलमधला तोटा. अँटेना बदलून मोठी बसवली असेल, तर पॉवर कमी करावी लागू शकते.

मग स्कॅन, आणि तो दोन्ही टोकांना. गोंगाटाचा त्रास ऐकणाऱ्याला होतो, त्यामुळे इकडे स्वच्छ दिसणारं चॅनल तिकडे भरलेलं असू शकतं. स्कॅन चालू असताना बहुतेक रेडिओ लिंक सोडतात, हे आधी सांगून ठेवा. चॅनलची रुंदी वाढवायचा मोह होतो, पण २० मेगाहर्ट्झचं ४० केलं की नॉइज ३ डीबीने, म्हणजे दुप्पट, वाढतो, आणि शेजारच्या लिंकवर आदळण्याची शक्यताही. गर्दीत अरुंद चॅनल बऱ्याचदा जास्त देतं.

सिग्नल किती यायला हवा हे आधीच काढून ठेवा. १० किलोमीटर अंतर आणि ५.८ गिगाहर्ट्झ असेल तर मोकळ्या हवेतच सुमारे १२८ डीबी तोटा होतो. रेडिओची पॉवर २० डीबीएम (एका मिलिवॉटच्या तुलनेत मोजलेली शक्ती) आणि दोन्हीकडे २३ डीबीआय गेनच्या अँटेना धरल्या, तर उणे ६२ डीबीएमच्या आसपास सिग्नल दिसला पाहिजे. उणे ७५ दिसत असेल तर चॅनल बदलून काही होणार नाही. अलाइनमेंट, म्हणजे अँटेना नेमक्या समोरासमोर आहेत का ते, तपासा, किंवा मधे झाडं वाढलीत का ते बघा. याच लिंकच्या मध्यावर पहिल्या फ्रेनेल झोनची, म्हणजे सिग्नलला सरळ रेषेभोवती लागणाऱ्या मोकळ्या जागेची, त्रिज्या साधारण ११ मीटर असते; समोरचा टॉवर डोळ्यांना दिसतो म्हणजे वाट मोकळी, असं नाही.

डीएफएसचं, म्हणजे रडार आढळलं तर सोडावं लागणारं, चॅनल निवडलं असेल, तर रडार आहे का हे रेडिओ आधी ६० सेकंद ऐकत बसतो. युरोपीय नियमांत हवामान रडारच्या पट्ट्यात, ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झमध्ये, हीच वाट १० मिनिटांची असते. घाबरून कुणी वीज बंद-चालू केली की घड्याळ पुन्हा शून्यावर. पलीकडच्या माणसाला हे बजावून ठेवा. आणि तिकडच्या रेडिओत स्कॅन करायच्या फ्रिक्वेन्सींची यादी भरलेली असेल, तर नवीन फ्रिक्वेन्सी त्यात आधी टाका, नाहीतर तो जुन्याच जागी शोधत राहील.

सुरक्षेची तयारी त्यामानाने सरळ आहे. वायरलेस सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा त्यापुढची, एईएस एन्क्रिप्शनसह; जुनं, कमकुवत टीकेआयपी नको. की लांब आणि यादृच्छिक, ६३ अक्षरांपर्यंत चालते. फक्त शून्य आणि ओ, एक आणि आय अशा जोड्या टाळा, कारण कधीतरी ती फोनवर वाचून दाखवावी लागते. नेटवर्कचं नाव लपवणं आणि मॅक पत्त्यांची (उपकरणांच्या हार्डवेअर पत्त्यांची) गाळणी यांवर विसंबू नका. दोन्ही हवेतून उघडच दिसतात. कारखान्यातला पासवर्ड, टेलनेट आणि साधं एचटीटीपी (एन्क्रिप्शनविना लॉगिन), आणि ‘पब्लिक’ नावाची एसएनएमपी कम्युनिटी (उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रणालीचा सर्वांना ठाऊक असलेला पासवर्ड) काढून टाका. मॅनेजमेंट व्हीलॅन, म्हणजे रेडिओच्या सेटिंगपुरतं वेगळं काढलेलं नेटवर्क, मात्र सगळ्यात शेवटी, वेगळ्या दिवशी. स्वतःला बाहेर कोंडून घ्यायचा तो सर्वांत सोपा रस्ता आहे.

शेवटी दोन्ही रेडिओ वीज तोडून पुन्हा चालू करा, न जतन केलेली सेटिंग तेव्हाच उघडी पडते. लिंक स्वतःहून परत येऊन सिग्नल टिपलेल्या आकड्यांशी जुळला, की मगच पलीकडच्या माणसाला कुलूप लावायला सांगा.