कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

रिपोर्ट हातात आला की पहिली नजर जाते ती ‘टोटल’वर. आकडा 200 च्या आत दिसला की कागद घडी घालून कपाटात. इथेच बहुतेकांचं फसतं. समजा, एकाचं टोटल 190 आणि एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, 32. दुसऱ्याचं टोटल 205 आणि एचडीएल 62. टोटलपुढे ‘जास्त’ची खूण येते ती दुसऱ्याच्या, म्हणून झोप उडते त्याची. आता टोटलमधून एचडीएल वजा करा. पहिल्याचे उरतात 158, दुसऱ्याचे 143. रक्तवाहिन्यांत साचणारं कोलेस्टेरॉल पहिल्याकडे जास्त आहे! या वजाबाकीला नॉन-एचडीएल म्हणतात. तिला वेगळे पैसे पडत नाहीत, आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) जास्त, एचडीएल कमी ही जोडी भारतीयांत फार दिसत असल्याने आपल्याला ती विशेष कामाची.

त्याहून मोठी चूक म्हणजे रिपोर्टच्या उजव्या रकान्यात छापलेली मर्यादा आपलीच समजणं. तो रकाना सगळ्यांना एकच. तुमची शुगर, बीपी, खिशातली तंबाखूची डबी, वडिलांना पन्नाशीत आलेला अटॅक, यातलं काहीच त्या छापील आकड्याला माहीत नसतं. (‘विडी नाही, नुसती चुना-तंबाखू’ ही सबब हृदयापुढे चालत नाही.) कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने 2024 मध्ये दिलेली उद्दिष्टं धोक्याप्रमाणे बदलतात: धोका कमी असेल तर एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) 100 च्या खाली, जास्त असेल तर 70 च्या, आणि अटॅक येऊन गेलेल्यांसारख्या अतिजोखमीच्या लोकांना 55 च्याही खाली, सगळे आकडे मिलीग्राम प्रति डेसीलिटरमध्ये. म्हणजे एलडीएल 95 आलं तर धडधाकट तरुणाने निश्चिंत व्हावं, पण अँजिओप्लास्टी झालेल्या काकांनी तोच कागद घेऊन डॉक्टर गाठावा. ‘माले काहीच तरास नही’ हे अमळनेर-चोपड्याकडे हमखास ऐकू येणारं उत्तर खरंच असतं, कारण वाढलेलं कोलेस्टेरॉल दुखत नाही.

तपासणी कधी करायची यातही गोंधळ आहे. पहिल्या चाचणीसाठी उपाशी राहायलाच हवं असं नाही. ट्रायग्लिसराइड फार वाढलेलं निघालं तर मात्र उपाशीपोटी पुन्हा करावी. पण शेतात भरीत पार्टी झाली, त्यात ‘बसणं’ही झालं, आणि सकाळी रक्त दिलं, तर ट्रायग्लिसराइड उसळणारच. बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल थेट मोजत नाहीत, सूत्राने काढतात: टोटल वजा एचडीएल वजा ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेलं की हे सूत्र भरवशाचं राहत नाही. टोटल 210, एचडीएल 34, ट्रायग्लिसराइड 420 असेल तर एलडीएल निघतं 92, दिसायला झकास. नॉन-एचडीएल मात्र 176. अशा वेळी थेट मोजलेलं एलडीएल मागावं. मोठं आजारपण किंवा ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर एलडीएल काही आठवडे खोटं कमी दिसू शकतं. उलट, थायरॉइड मंद असेल तर ते वाढतं, म्हणून तीही तपासणी राहून जायला नको.

कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली, दोन-तीन महिन्यांनी आकडा खाली आला, आणि गोळी बंद! ही चूक सगळ्यात महागात पडते. आकडा खाली आला तो गोळीमुळे. बंद केली की काही आठवड्यांत पुन्हा वर. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं नेहमीचं औषध) सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर 4 ते 12 आठवड्यांनी तपासणी करतात ती औषध लागू पडतंय का हे बघायला. अंग दुखत असेल तर डॉक्टरांना सांगा. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते. आणि दोन रिपोर्टमध्ये पाच-सात आकड्यांचा फरक पडला म्हणून स्वतःच औषध कमी-जास्त करू नका, तेवढी हालचाल शरीरात एरवीही होतेच.

तेलाच्या डब्यावरचं ‘कोलेस्टेरॉल फ्री’ वाचून हात सैल सोडू नका. कोलेस्टेरॉल वनस्पती तेलात नसल्यातच जमा असतं, मग ते शेंगदाण्याचं असो की सरकीचं. एलडीएल वाढवतं ते मुख्यतः संपृक्त (सॅच्युरेटेड) फॅट, आणि पामतेलात ते जवळपास निम्मं असतं. स्वस्त फरसाण, वेफर्स बऱ्याचदा त्यातच तळलेले. कळण्याची भाकरी खुशाल खा, शेवभाजीची तर्री बेताने.

लिपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच रक्तवाहिन्यांना त्रासदायक कण) ही चाचणी नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या या रिपोर्टमध्ये, नसते. ते प्रमाण मुख्यतः आनुवंशिक असल्याने बहुतेकांना आयुष्यात एकदा केली तरी पुरते. घरात कमी वयात अटॅक आले असतील तर टाळू नये. एलडीएल 190 किंवा जास्त असेल तर भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करून घ्या.

आणि छातीत दाब, घाम, डाव्या हातात कळ असं काही सुरू झालं असेल, तर लिपिड प्रोफाइल करायला लॅबकडे जाऊ नका. ही चाचणी पुढच्या काही वर्षांचा धोका सांगते, आत्ता चाललेला अटॅक नाही. तिथे लगेच ईसीजी हवा. 108 ला फोन लावा.