रूपाचं वर्णन इंग्रजीत करताना या चुका टाळा

मावसबहिणीच्या मुलीचा बायोडेटा मीच टाइप करून दिला होता. सुरुवातच ‘फेअर, स्लिम, होमली’ अशी. न्यू जर्सीच्या एका स्थळाकडे पाठवायच्या आधी तिकडेच वाढलेल्या भाच्याला वाचायला दिला, तर त्याचा लगेच फोन. “मावशी, आधी ते होमली काढ. इकडे त्याचा अर्थ दिसायला बेताची असा होतो.” मला फार चुटपुट लागली. मुलगी चांगली देखणी आहे हो.

आपल्याकडे होमली म्हणजे घर सांभाळणारी, माणसं धरून राहणारी. ब्रिटनमध्ये साध्या, उबदार घराला होमली म्हणतात. अमेरिकेत मात्र माणसाला होमली म्हटलं की ते त्याच्या रूपाला नाव ठेवणं झालं. घराची ओढ सांगायची असेल तर ‘फॅमिली-ओरिएंटेड’ लिहा.

त्याहून जास्त घोळ ‘पर्सनॅलिटी’चा होतो. “जावई बघितलास का? काय पर्सनॅलिटी आहे!” असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे उंची, बांधा, रुबाब असतो. इंग्रजीत पर्सनॅलिटी म्हणजे स्वभाव. ‘व्हॉट डझ ही लुक लाइक?’ असं कुणी विचारलं आणि तुम्ही ‘ही हॅज अ गुड पर्सनॅलिटी’ म्हणालात, तर ऐकणारा समजतो की दिसण्याबद्दल सांगण्यासारखं काही नसावं. तिथे ‘टॉल अँड वेल-बिल्ट’ म्हणा. आणि ‘व्हॉट इज ही लाइक?’ हा प्रश्न वेगळा. तो स्वभावाचाच आहे, त्याला उंचीचं उत्तर देऊ नका.

‘स्मार्ट’चंही तसंच. ब्रिटिश माणूस टापटीप कपड्यांना स्मार्ट म्हणतो, अमेरिकन माणूस हुशारीला. आपण दोन्हींना म्हणतो, वर देखणेपणालाही. अमेरिकेत मुलगा रूपाने छान आहे असं सांगायचं तर सरळ ‘गुड-लुकिंग’ वापरावं. हा शब्द बाई-पुरुष दोघांना चालतो आणि कुठेच टोचत नाही.

प्रिटी आणि ब्युटिफुल एकाच मापाचे नाहीत. प्रिटीत नाजूक गोडवा असतो, ब्युटिफुल त्याच्या बरंच वर. पुरुषाला प्रिटी म्हटलं तर तो बहुधा दुखावेल. हँडसम सहसा पुरुषाला, पण ठसठशीत चेहऱ्याच्या, भारदस्त प्रौढ स्त्रीलाही तो शब्द लावतात. मला तो फार आवडतो, कारण वयाबरोबर येणाऱ्या रूपाला त्यात मान आहे. मुळात हँडसमचा अर्थ ‘हाताळायला सोपं’ असा होता. ऑफिसातल्या सहकाऱ्याला मात्र क्यूट, हॉट असलं काही म्हणू नका. ‘दॅट कलर सूट्स यू’ पुरेसं आहे.

व्याकरणाची एक चूक आपल्या मराठीतूनच येते. ‘ती छान दिसते’ मधलं ‘छान’ क्रियापदाला चिकटलेलं, म्हणून मुलं ‘शी लुक्स ब्युटिफुली’ लिहितात. लुक्सनंतर ब्युटिफुलच हवं. ‘यू आर लुकिंग लव्हली’ हे आज, आत्ताच्या दिसण्याला ठीक. ‘ती दिसायला सुंदर आहे’ या अर्थी ‘शी इज लुकिंग ब्युटिफुल’ चालणार नाही, तिथे ‘शी इज ब्युटिफुल’.

राहिला रंग. ‘व्हीटिश’ हा आपल्या गव्हाळचा केलेला शब्द, भारतीय उपखंडाबाहेर कुणाला कळत नाही. ‘शी इज फेअर’ ऐकून परदेशी माणसाला ती न्यायी आहे असंही वाटू शकतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, गोरेपणा गुण म्हणून लिहिणं खटकतं. हिंदुस्तान युनिलिव्हरनेही 2020 साली ‘फेअर अँड लव्हली’च्या नावातला फेअर काढून ‘ग्लो अँड लव्हली’ केलं.

आम्हीही काढला. बायोडेटात आता उंची आहे, शिक्षण आहे, ‘फॅमिली-ओरिएंटेड’ आहे आणि एक हसरा फोटो. रूपाबद्दल एक शब्दही नाही. भाचा म्हणाला, “आता पाठव.”